‘नावावर’ असणे आणि मालक असणे : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वारसा, मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र

मराठीत मालमत्तेविषयी बोलताना ‘नावावर’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. सातबारावर थोरल्या भावाचे नाव असले की जमीन त्याच्या नावावर आहे असे म्हणतात, बँकेतील ठेवीला पत्नीचे नामनिर्देशन केले की ठेव तिच्या नावावर केली असे म्हणतात, आणि गुंठाभर जागेचे कुलमुखत्यारपत्र हाती आले की तीही जागा नावावर झाली असे समजले जाते. कायद्याच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत आणि त्यांपैकी एकीनेही आपोआप मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप, वारसा किंवा मृत्युपत्र यांसारख्या कायद्याने मान्य केलेल्या मार्गांनीच. हा फरक महाराष्ट्रात सर्वत्र लागू असला, तरी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात त्याचे परिणाम जितके दूरवर पोचले आहेत तितके अन्यत्र क्वचितच दिसतात.

याचे कारण या भागाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अशी एकेक पायरी चढत हवेली तालुक्यातील गावांचे महानगर झाले. पुढे कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या परिसरात, म्हणजे खेड तालुक्यातील महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली यांसारख्या गावांच्या शिवारात, मोटारींचे आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आले. एका पिढीने ज्या रानात बाजरी पेरली, त्याच रानाचा भाव पुढच्या पिढीने चौरस फुटावर ठरताना पाहिला. जमिनीचे रूप असे पालटले, पण तिच्या कागदांवरची कुटुंबव्यवस्था मात्र बाजरीच्या काळातलीच राहिली, आणि आज न्यायालयांत चालणाऱ्या कितीतरी वाटपाच्या दाव्यांचे मूळ या अंतरात आहे.

हे अंतर समजून घेण्यासाठी या पट्ट्यातील एखादा जुना सातबारा उतारा बारकाईने वाचावा. सातबारा म्हणजे गाव नमुना ७, ज्यात भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार आणि इतर अधिकार नोंदलेले असतात, आणि गाव नमुना १२, ज्यात पिकांची नोंद असते, या दोहोंचा एकत्र उतारा होय. भोगवटादाराच्या नावापुढे अनेकदा ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे दिसतात. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ या शब्दांचे ते लघुरूप असून, वडिलांच्या पश्चात सर्व भावांच्या वतीने थोरल्याचे नाव लावण्यात आले आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. धाकट्या भावांची नावे त्या काळी लावलीच जात नसत, आणि बहिणींची नावे लागलीच तर ती उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात जात. जमीन शेतीपुरती होती तोवर या तीन अक्षरांनी कोणाचे अडले नाही. पण भूसंपादनाचा मोबदला किंवा विकसन करारनाम्याची रक्कम हाती येण्याची वेळ आली, की ज्याचे नाव वर आहे तो स्वतःला एकटा मालक समजू लागतो आणि ज्यांची नावे नाहीत त्यांना आपला हक्क आधी सिद्ध करावा लागतो.

महसुली नोंद मुळात जमीन महसूल कोणाकडून घ्यावा हे ठरवण्यासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, परंतु ती मालकीचा दस्त नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. म्हणून नाव लागले नाही तरी वारसाचा हक्क बुडत नाही आणि चुकून लागले तरी नसलेला हक्क निर्माण होत नाही. तरीही नाव वेळेवर लावून घेणे अत्यंत आवश्यक आहे, कारण संपादनाची नोटीस कागदावर ज्याचे नाव असेल त्यालाच जाते. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे शपथपत्र देऊन अर्ज करायचा असतो. चौकशीनंतर वारसांची नावे गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत येतात, त्यावरून फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी तो फेरफार प्रमाणित करतात. २०२५ मध्ये राज्य शासनाने हाती घेतलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा हेतू मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे आणणे हाच होता. अशी मोहीम राज्यभर घ्यावी लागली, यावरूनच हे काम किती वर्षे आणि किती घरांत राहून गेले होते याची कल्पना येते.

आता वारस कोण आणि त्याचा हिस्सा किती, हा प्रश्न. हिंदू कुटुंबांत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी, पत्नी आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने प्रथम वर्गाचे वारस मानले. परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क असणाऱ्या सहदायादांत मुलीचा समावेश त्या वेळी नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींपुरता, हा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना, विवाहित असोत वा नसोत, मिळाला. आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की हा हक्क जन्मसिद्ध असल्यामुळे २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे व विक्री या दुरुस्तीने उलटत नाहीत.

या बदलाचे मोल आकड्यांत पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन एकर, म्हणजे ८० गुंठे, वडिलोपार्जित जमीन असलेल्या एका कुटुंबात वडील, आई, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत, आणि वडील मृत्युपत्र न करता वारले, असे धरू. जुन्या नियमाप्रमाणे वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे मानून वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी २० गुंठे जात, आणि वडिलांचे २० गुंठे पुढे पाचही वारसांत समान वाटले जात. म्हणजे मुलीच्या वाट्याला ४ गुंठे येत. नव्या नियमाप्रमाणे वडील, आई आणि चार मुले असे सहा समान हिस्से पडतात आणि वडिलांचा सहावा हिस्सा पुन्हा पाच वारसांत वाटला जातो, म्हणून प्रत्येक मुलीला एकूण १६ गुंठे मिळतात. चार गुंठ्यांचे सोळा गुंठे होणे ही महाळुंग्याच्या किंवा मोशीच्या शिवारात केवढी मोठी गोष्ट आहे, हे तेथील कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. या हिशेबात आईचा स्वतंत्र हिस्साही आहे, आणि तो विसरला जातो. पतीच्या पश्चात विधवेला हा मानीव वाटपातला हिस्सा धरूनच तिचा वाटा मोजावा लागतो, हे गुरुपाद खंडाप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई या १९७८ च्या निकालापासून पक्के आहे.

याच सोळा गुंठ्यांमुळे या भागात हक्कसोडपत्राला महत्त्व आले आहे. हक्कसोडपत्र म्हणजे एका सहहिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदारांच्या लाभात सोडून दिल्याचा दस्त. स्थावर मिळकतीबाबत तो नोंदणीकृतच असावा लागतो, आणि एकदा नोंदला गेला की फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याखेरीज तो मागे घेता येत नाही. माहेर तुटू नये म्हणून बहिणी असे दस्त करून देतात आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे; पण कोणता गट, किती क्षेत्र, त्यापैकी किती संपादनात गेले आणि त्याबदल्यात परताव्याचा भूखंड मिळणार आहे का, हे सांगून-समजावून घेतलेली सही आणि ‘सातबारा मोकळा करायचा आहे’ एवढेच सांगून दुय्यम निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर बसवून घेतलेली सही यांत फार मोठे अंतर आहे. नवनगर प्राधिकरणासाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यातील साडेबारा टक्के परताव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, कारण तेथे जमीन गेल्यानंतर कित्येक वर्षांनी भूखंडाचा हक्क पुढे आला आणि तोवर मूळ खातेदाराच्या वारसांची संख्या वाढलेली होती.

या सर्व गुंतागुंतीवर माणसाच्या हाती असलेले सर्वात साधे साधन म्हणजे मृत्युपत्र, ज्याला इच्छापत्र असेही म्हणतात. आपल्या पश्चात आपली मालमत्ता कोणाकडे जावी याविषयीची ही लेखी घोषणा करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोपर्यंत कितीही वेळा बदलता किंवा रद्द करता येते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे अज्ञान नसलेली आणि मनाने सक्षम असलेली कोणतीही व्यक्ती ते करू शकते. कलम ६३ च्या अटी मोजक्याच आहेत : करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी प्रत्येकाने त्याला सही करताना पाहिले आहे किंवा सही आपलीच असल्याचे त्याच्या तोंडून ऐकले आहे आणि त्याच्या समक्ष स्वतः सही केली आहे. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेले मृत्युपत्रही पूर्ण वैध असते. मुस्लिम कुटुंबांसाठी नियम निराळे आहेत. तेथे सर्वसाधारणपणे निव्वळ मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते आणि सुन्नी परंपरेत वारसाच्या लाभात ते करायचे तर इतर वारसांची संमती लागते.

मृत्युपत्रात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे आपले नसलेलेही देऊन टाकणे. वर उल्लेखिलेल्या ८० गुंठ्यांच्या कुटुंबात वडिलांनी संपूर्ण जमीन दोन्ही मुलांना देण्याचे मृत्युपत्र केले, तर ते केवळ त्यांच्या स्वतःच्या सहाव्या हिश्श्यापुरते, म्हणजे साधारण सव्वातेरा गुंठ्यांपुरते, चालेल. पत्नीचा आणि मुलींचा हिस्सा त्याने हिरावला जाणार नाही. याउलट कारखान्यातील नोकरीच्या पगारातून घेतलेली सदनिका ही स्वकष्टार्जित असल्यामुळे तिचे काय करायचे याचे त्यांना पूर्ण स्वातंत्र्य आहे. म्हणून चांगला वकील मृत्युपत्र लिहायला घेण्याआधी प्रत्येक मिळकत कोणत्या मार्गाने आली हे विचारतो आणि गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, फेरफार क्रमांक यांसह तिचे वर्णन करतो. भोसरीतील लघुउद्योजकाबाबत तो आणखी एक गोष्ट पाहतो : औद्योगिक महामंडळाचा भूखंड मालकीचा नसून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे मृत्युपत्राने देता येतो तो उरलेल्या मुदतीचा हक्क, आणि वारसाचे नाव लावण्यासाठी महामंडळाकडे स्वतंत्रपणे जावे लागते. नजरेआड राहिलेल्या किंवा पुढे मिळणाऱ्या मालमत्तेसाठी ‘याखेरीज जी काही मिळकत असेल ती’ असे उर्वरित मालमत्तेचे कलमही हवे, विशेषतः जेथे परताव्याचा भूखंड किंवा वाढीव मोबदला अजून यायचा आहे तेथे.

साक्षीदार निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार शक्यतो करणाऱ्याहून वयाने लहान व सहज सापडणारा असावा, कारण वाद झाल्यास किमान एका साक्षीदाराने न्यायालयात येऊन सही शाबीत करावी लागते, आणि ही गरज नोंदणीनेही टळत नाही. १९५९ च्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले तत्त्व आजही लागू आहे : मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडून लाभार्थ्यानेच पुढाकार घेऊन करवून घेतलेले, आणि पत्नीला किंवा मुलींना कारण न देता वगळणारे मृत्युपत्र नेमके याच कसोटीवर अडखळते. एखाद्याला कमी द्यायचे असेल तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नसले तरी वृद्धांच्या बाबतीत जोडावे.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, तिला कालमर्यादा नाही, आणि चालता-फिरता न येणाऱ्यासाठी दुय्यम निबंधक घरी येऊनही ती करू शकतात. ज्यांना मजकूर गुप्त ठेवायचा आहे त्यांच्यासाठी नोंदणी कायदा, १९०८ मध्ये एक सोय आहे, जिची माहिती फार थोड्यांना असते : मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते, आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर निबंधक ते अर्जदारासमक्ष उघडून त्याची नक्कल नोंदवहीत उतरवून घेतात व मूळ प्रत पुन्हा आपल्याच ताब्यात ठेवतात. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मुंबई शहरातील मिळकतींसाठी दीर्घकाळ सक्तीचा होता. पुणे जिल्ह्यातील हिंदू व्यक्तीने येथेच केलेल्या आणि येथल्याच मिळकतीविषयीच्या मृत्युपत्राला ती सक्ती नव्हती, हे मुंबईच्या अनुभवावरून घाबरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शेती नसलेल्या कामगार कुटुंबांत सातबाराची जागा नामनिर्देशन घेते. नॉमिनी हा सर्वसाधारणपणे रक्कम किंवा सदनिका स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकींवरून उद्भवलेल्या शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच ठरवले, की समभागांवरचे नामनिर्देशन वारसाहक्काला किंवा मृत्युपत्राला बाजूला सारत नाही. गृहनिर्माण संस्थेतही २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते आणि अंतिम हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रातील लाभार्थ्याचा राहतो. भविष्य निर्वाह निधीबाबत एक नियम प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावा : कुटुंब नसताना, समजा भावाच्या नावे, केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरते आणि नव्याने करावे लागते. विशी-बाविशीत कामावर लागताना भरलेला तो फॉर्म निवृत्तीपर्यंत पुन्हा उघडला न जाणे ही या पट्ट्यातील घराघरांतली गोष्ट आहे, आणि तिची झळ लागते ती ऐन दुःखात कागद शोधत फिरणाऱ्या पत्नीला.

मुखत्यारपत्राविषयीचा गैरसमज याहून खोल आहे. मुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याला आपल्या वतीने ठरावीक किंवा सर्वसाधारण कामे करण्याचा दिलेला अधिकार. पहिल्याला खास आणि दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्र म्हणतात. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून कामाला आलेल्या अनेकांनी आयुष्यभराच्या बचतीतून गुंठा-अर्धा गुंठा जागा घेतली ती साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती यांवरच. सूरज लॅम्प खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. शिवाय भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याच्या मृत्यूने, आणि तो मनाने अक्षम झाल्यासही, सर्वसाधारणपणे संपते. मुखत्याराचे स्वतःचे हित त्या मिळकतीत गुंतलेले असेल तेव्हाच अपवाद होतो. वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या मुखत्यारपत्रावर पैसे काढणे किंवा दस्त करणे म्हणूनच बेकायदा ठरते. परदेशी असलेल्या मुलाने किंवा मुलीने भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, ही लहानशी मुदत हुकल्याने अनेक व्यवहार अडतात.

हयातीतच मिळकत द्यायची असेल तर बक्षीसपत्र करता येते, पण ते मृत्युपत्रासारखे मनात आले की रद्द करता येत नाही. वृद्ध आई-वडिलांनी त्यात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, म्हणजे ती मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा आधार मिळतो. खासगी विश्वस्त निधी, म्हणजे ठरावीक लाभार्थ्यांसाठी विश्वस्तांच्या हाती सोपवलेली मालमत्ता, १८८२ च्या कायद्याखाली स्थापन होतो. बहुतेक कुटुंबांना त्याची गरज नसते, परंतु घरात गतिमंद किंवा कायम परावलंबी मूल असेल, तर संपादनाच्या एकरकमी मोबदल्याचे रक्षण करण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही. मृत्युपत्र नसेल तर ठेवी व समभागांसाठी दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि इतर मिळकतींसाठी वारस दाखला घ्यावा लागतो, जो महाराष्ट्रात अजूनही मुंबई प्रांताच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली मिळतो.

या सर्व कामांत वकिलाची मदत महाग पडेल या भीतीने अनेक जण मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलावरच्या छापील नमुन्यावर भागवतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ ने ज्यांना मोफत विधी सेवेचा हक्क दिला आहे त्यांत औद्योगिक कामगार आहेत, आणि उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्री आहे. आणि या कायद्यातील विधी सेवेच्या व्याख्येत केवळ खटला चालवणे नव्हे, तर कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्लाही येतो. जिल्हा प्राधिकरण पुण्यात आणि तालुका समिती राजगुरुनगरच्या न्यायालयात आहे. हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बोलावणे आलेल्या बहिणीला दस्ताचा मसुदा आणि सातबारा घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाआधी तेथे जाता येते, आणि आपण सोडत आहोत ते चार गुंठे आहेत की सोळा, हे सही करण्यापूर्वी विचारता येते.